खोकडीने कुणाला भ्यायचं

साध्यात साधी गोष्ट माझ्या ताईच्या सासऱ्यांपुढे ठेवावी आणि अर्ध्या तासाने परत यावं. तोवर त्या गोष्टीला सात बाजू फुटलेल्या असत आणि मधोमध मामा डोकं धरून बसलेले असत. मी त्यांना मामा म्हणायचो, कारण ताई म्हणायची. ते मला गुरुजी म्हणायचे, कारण मी उमरीला मास्तर होतो. मास्तराला सगळं ठाऊक असतं, या एकाच बाबतीत त्यांचा कधी गोंधळ झाला नाही. त्यामुळे त्यांच्याकडे गेलो की माझी फार पंचाईत व्हायची.

मामा तालुक्याच्या कचेरीत तीस वर्षं शिपाई होते. साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसून बसून काही सवयी त्यांच्या अंगात मुरल्या होत्या. स्वतःच्या घराचं दार सताड उघडं असलं तरी ते आधी कडी वाजवायचे आणि आतून कुणी 'या' म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. ताई परसात असली आणि तिला ऐकू गेलं नाही, की मामा उन्हात तसेच तिष्ठत. मी एकदा म्हटलं, "मामा, घर तुमचंच आहे ना?" तर म्हणाले, "घर आपलंच हाय हो, पर आत कोन काय करून राहिलंय, आपल्याला काय ठावं?" दुसरी खोड जीपची. जीपचा आवाज कानावर पडला की मामा असतील तिथे ताठ उभे राहायचे, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून. जेवताना घास हातात असला तरी ताटावरून उठायचे. जीप निलंग्याच्या बाजाराला वांगी घेऊन चालली आहे हे त्यांनाही कळायचं, पण पाय ऐकायचे नाहीत. ताईने अशा वेळी त्यांच्या ताटावर झाकण ठेवायचं, एवढीच त्या घरातली रीत होती.

त्यात लातूर वेगळा जिल्हा झाला, तोही नेमका मामांच्या निवृत्तीच्या साली. "तीस वर्सं मी उस्मानाबाद जिल्ह्याचं पानी भरलं," ते मला म्हणाले. "आता माझी नोकरी कुन्या जिल्ह्यात झाली म्हनायची?" मी म्हटलं, नोकरी झाली तिथे झाली, आता तुमचा जिल्हा लातूर. त्यांना ते पटलं, आणि तेव्हापासून ते पत्रावर दोन्ही जिल्ह्यांची नावं लिहू लागले. न जाणो, एखादा परत निघून गेला तर. शिरूर अनंतपाळचा पोस्टमन बिचारा काही बोलत नसे.

मग ओळीने दोन पावसाळे कोरडे गेले. माळावर काडी उरली नाही. लांबलांबचे धनगर मेंढरं घेऊन मांजरेच्या काठाकडे सरकले आणि त्यांच्या कळपांमागोमाग, किती तरी वर्षांनी, लांडगे आले. गाव मेंढरांची चिंता करत होतं. मामांच्या ध्यानात मात्र भलतंच आलं. दिवेलागणीला माळावर हटकून ओरडणारे कोल्हे गप्प झाले होते. आणि एका सकाळी ताईच्या परसात, तुराट्यांच्या गंजीखाली, एक खोकड दोन पिल्लं घेऊन राहायला आली होती. खोकड म्हणजे कोल्ह्याच्या जातीतलं धाकटं जनावर, मांजरापेक्षा थोडं मोठं, शेपटीचं टोक काळं. माणसाची चाहूल लागली की एरवी दिसायचं नाही.

मी उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा घरात दोन तट पडले होते. ताईच्या सात कोंबड्यांपैकी एक गेली होती. ताईचं म्हणणं सरळ होतं, "गंजी हलवा, खोकड हाकला." मामांचं म्हणणं सरळ असणं शक्यच नव्हतं. रोज सकाळी ते बुद्धाच्या तसबिरीपुढे हात जोडून पंचशील म्हणत, आणि प्राण्याला मारणार नाही या पहिल्याच ओळीपाशी हल्ली अडत. "पिल्लं हायती तिची, हाकललं तर लांडगा खाईल, म्हंजी मीच मारलं," ते म्हणाले. "पर गुरुजी, रविवारी मीबी कोंबडी खातो. मग खोकडीला कोन्या तोंडानं बोलू?" शेवटी त्यांनीच तोड काढली. उरलेल्या सहा कोंबड्या त्यांनी आपल्या खोलीत, आपल्या बाजेखाली घेतल्या. तेव्हापासून ते कडी वाजवून खोलीत शिरायचे, ते बहुधा कोंबड्यांसाठीच.

लांडगा आला तर खोकड माणसांत का आली, हे मात्र त्यांनी मला पाच मिनिटांत समजावून सांगितलं. कचेरीत एक कारकून होता. रोज मामांना तंबी द्यायचा. एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब अचानक तपासणीला आले, तेव्हा तो कारकून मागच्या दाराने मामांच्या पाण्याच्या खोलीत शिरला आणि दोन तास माठाजवळ अंग चोरून बसला. "मोठा आला की मधला गरिबाच्या दारी येतो," मामा म्हणाले. "त्याला म्या काय इचारलं न्हाई. आधी पानी दिलं." खोकडीलाही ते फुटक्या परातीत पाणी ठेवत होते. त्या दुष्काळात ताई दोन कोसांवरून पाणी आणायची, तरीही.

एवढं कळलेला माणूस शांत बसावा की नाही? पण त्यांनी लांडगा हटवण्यासाठी लातूरला अर्ज करायचं मनावर घेतलं आणि मला लिहायला बसवलं. दोन ओळी झाल्या आणि मामांनी माझा हात धरला. "थांबा. लांडगा गेला की कोल्हे परत येत्याल. कोल्हा तर खोकडीची पिल्लं खातो." मी खोडलं. "मग ऱ्हाऊ द्या लांडगा." मी तसं लिहिलं. "पर धनगराची मेंढरं?" मी पुन्हा खोडलं. "आन् खोकड गेली तर गंजीतले उंदीर माजत्याल." चार दिवस तो अर्ज चालला. शेवटी कागदावर 'मेहेरबान साहेबांच्या सेवेशी' एवढंच शाबूत राहिलं, आणि मलाही आता लांडगा चांगला की वाईट हे सांगता येईना.

त्या चार दिवसांत खोकड अगदी घरची झाली. मामा परात भरायला गेले तर ती हातभर अंतरावर बसून राही. आम्ही दोघं दारातल्या लिंबाखाली बसलो की आमच्या समोरून जाई. मामांना त्याचं फार कौतुक वाटे. "बघा, भीत न्हाई," ते म्हणायचे, आणि मीही मान डोलवायचो.

दुष्काळी कामावर गावालगत, मामांच्या घरापुढूनच, मुरमाचा नवा रस्ता झाला होता, थेट लातूरच्या सडकेला मिळणारा. कामं बघायला साहेबांच्या जीपा यायच्या. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही लिंबाखाली होतो आणि खोकड रस्त्यापलीकडच्या उकिरड्याकडे निघाली होती. जीपचा आवाज आला. मामा ताठ उभे राहिले, हात मांड्यांना. खोकडीने जीपकडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं, आणि ती पळाली नाही. मामांनी नुसता हात हलवला असता, एक खडा मारला असता, तरी ती बाजूला झाली असती. ते उभेच राहिले. मीही ओरडलो नाही, कारण मामा काही तरी करतील असं मला वाटलं होतं. जीप थांबली नाही, आतल्या माणसांना बहुधा कळलंही नसावं.

मामांनी तिला उपरण्यात गुंडाळून बांधाला पुरलं. ताईने कोंबडीचा राग विसरून वर दगड ठेवले. संध्याकाळी मामा म्हणाले, "लांडग्याला भ्याली. मला भ्यायला पायजे होतं, ते म्या शिकवलं न्हाई."

पिल्लं मोठी झाली होती, आपली आपण टोळ धरून खात होती. दुसऱ्या दिवशी ती सवयीने परातीपाशी आली. मामांनी परात उचलली आणि दगडाने बडवायला सुरुवात केली. मी आयुष्यात त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. घराची कडी हळू वाजवणारा तो माणूस परात बडवत, ढेकळं फेकत, शिव्या देत पिल्लांमागे परसभर धावत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ढेकळं मारली ती सगळी पिल्लांच्या अलीकडे पडतील अशी. तीन दिवस त्यांनी हे केलं. चौथ्या दिवशी आमची नुसती सावली दिसली तशी दोन्ही पिल्लं बांध ओलांडून माळाकडे पळाली आणि परत आली नाहीत.

माळावर लांडगे होतेच. त्या संध्याकाळी मामा बांधावर जाऊन माळाकडे बघत होते. मग मला म्हणाले, "गुरुजी, बरुबर केलं का?" तेवढं एकदा तरी त्यांना उत्तर द्यावं असं मला फार वाटलं. पुस्तकात कुठे वाचल्याचं आठवेना. मी म्हटलं, "मामा, मला ठाऊक नाही." मास्तरालाही ठाऊक नसतं म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं की वाईट, तेही मला कळलं नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटचे आम्ही दोघं बरोबर चाललो ते त्याच संध्याकाळी, बांधावरून घरापर्यंत. दार सताड उघडं होतं. मामांनी कडी वाजवली. ताई परसात होती, तिला ऐकू गेलं नाही. मी आत जाऊ शकलो असतो, पण त्या दिवशी मीही त्यांच्याशेजारी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो, आतून कुणी 'या' म्हणेपर्यंत.