फेसाचा कॅन आणि कढीपत्ता

आमच्या चंदीगडच्या तेलाच्या डेपोत आगीवर मारायच्या फेसाचं औषध निळ्या, जाड प्लास्टिकच्या कॅनमधून यायचं. ते पाण्यात मिसळून मारलं की दुधावर साय धरावी तसा तेलावर थर धरायचा आणि आग गुदमरायची. औषध संपलं की कॅन घरी न्यायचा. तशी रीतच होती. फायरवाल्याचं घर ओळखायचं तर आत डोकवायचं, निळा कॅन दिसला की घर बरोबर.

मीही नेला. बायकोनं तो चिंचेनं घासला, राखेनं घासला, खळखळून धुतला. फेस येतच राहिला. दुसऱ्या दिवशी परत धुतला, परत फेस. म्हणाली, "हे संपायचं नाव घेत नाही. पाण्याला नको. झाडाला घेते." तोंड कापून माती भरली आणि साताऱ्याहून आणलेलं कढीपत्त्याचं रोप त्यात लावलं. चंदीगडच्या थंडीत ते टिकायचं नाही असं सगळ्यांनी सांगितलं. तिनं त्याला माझा डेपोचा जुना स्वेटर घातला. मला विचारलं नाही. झाड जगलं, रोजच्या फोडणीला त्याचीच पानं पडायला लागली. रिटायर होऊन शहराला लागूनच्या झिरकपूरच्या फ्लॅटवर आलो, तेव्हा टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी झाड बसलं आणि मी मागं कपाटाला धरून.

गेल्या थंडीत बायको गेली. हृदय बंद पडलं. त्यावर जास्त लिहायला मला येत नाही. झाडाला स्वेटर घालायचा राहिला होता, तो मी घातला. उलटा झाला. तसाच ठेवला.

यंदा डेपोनं फेस बदलला. आम्हा जुन्या लोकांना बोलावून एका ऑफिसर पोरीनं समजावलं. जुन्या फेसात फ्लोरीन आहे. ते मातीत, पाण्यात, अंगात गेलं की वर्षानुवर्षं विरत नाही. नव्या फेसात ते नाही. म्हणून टाक्या, पाइप, गाड्या सगळं धुवून काढायचं चाललंय, आणि धुतलेलं पाणीसुद्धा नाल्यात न सोडता भरून ठेवतायत. "कितना भी धोओ, झाग आता ही रहता है," ती म्हणाली. हे मी आधी ऐकलेलं होतं, हातात चिंच धरलेल्या बाईकडून.

मग म्हणाली, कुणी कॅन घरी नेले असतील तर परत द्या, कुणाला काही बोलणार नाही. सगळे पंख्याकडे बघायला लागले.

मी विचारलं, "त्यात झाड असेल तर?"

"कॅन, माती, झाड, सगळंच द्या अंकल."

"त्याची पानं खाऊन माणूस मरतं का?"

"एका झाडावरून तसं नाही सांगता येत."

"हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

तिनं दोन्ही म्हटलं नाही. खोटं बोलली नाही, एवढं तिच्या बाजूनं लिहितो.

कॅन गोळा करायला माझ्या जागेवर आलेला सरदार टेम्पो घेऊन आला. "ओए मराठे, निकाल चोरी का माल!"

"नवीन फेस कसा आहे?"

"नखरेवाला. जोरात मारला की तेलात बुडतो. हळू अंथरावा लागतो. तेरे बस का नहीं."

बोलत बोलत बाल्कनीत गेला आणि स्वेटर बघून थांबला. "भाभीजीवाला?"

"हो."

त्यानं दाढी खाजवली. "मैंने कुछ नहीं देखा. चाय पिला."

मी आधण ठेवलं. मला वाटलं, मिटलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची सून आली, कडेवर पोर घेऊन. बेल न वाजवता. बायकोनंच तिला सांगून ठेवलं होतं, विचारायचं नाही, हवा तेवढा कढीपत्ता तोडायचा. तिनं फांदीला हात घातला.

"हात मत लगाना!" मी ओरडलो. पोर रडायला लागलं.

"क्या हुआ अंकल जी?"

"खराब आहे ते."

"आंटी जी का पौधा खराब कैसे होगा?"

ती आज गेली असती, उद्या परत आली असती. तिला नाही म्हणत मी दाराशी कितीदा उभा राहणार? गॅस बंद केला आणि सरदाराला म्हणालो, "उचल."

"पक्का?"

"उचल म्हणलं ना."

दोघांनी कॅन धरून खाली नेला. मी सांगितलं, मागं नको, पुढं ठेव, ड्रायव्हरशेजारी. त्यानं ठेवला. "स्वेटर?"

"राहू दे. वारं लागतं."

टेम्पो एअरपोर्टच्या रस्त्याला लागला. पुढं जाम होता, त्यामुळं बराच वेळ दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी खालच्या सुनेनं बाजारातून कढीपत्ता आणून दिला. मी आमटीला फोडणी दिली. वास तितकाच चांगला आला. ते मला आवडलं नाही.