साहेबांच्या गावच्या खुंट्या

जर्मनीतल्या एका गावाची मला खडान्‌खडा माहिती आहे. मी तिथं कधी गेले नाही, आणि ह्या गुडघ्यांनी आता जाणारही नाही. तरी चर्च कुठल्या हाताला, होडी कुठं लागते, हे सगळं मी बसल्या जागी सांगू शकते. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला द्राक्षमळ्यांचा चढ, आणि मधे जेमतेम एक गल्ली. समोरच्या घरात कुणाला शिंक आली तर आपल्या खिडकीतून रुमाल देता यावा, एवढीच तिची रुंदी. हे गाव मला ओसरीवर बसून कळलं, चहा ओतता ओतता. आणि त्याची आठवण आली की मला लाज वाटते, ती त्या गावाची नव्हे, माझ्या घराची.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. थेरगावच्या अलीकडं, पवनेच्या काठाला आमचं गाव. कंपन्या येऊन दहाएक वर्षं झाली होती. काही शेतं गेली होती, काही जायची होती. माझा नवरा पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होता. तिथं जर्मनीहून मोठी मशीनं आली, आणि ती बसवायला त्यांच्याबरोबर एक जर्मन माणूस आला. खरं तर तोही फिटरच, पण आमच्याकडं गोऱ्या कातडीचा म्हटला की साहेबच. म्हणून ते साहेब.

साहेबांच्या हाताखाली दोघं दिले होते. एक माझा नवरा, दुसरा त्याचा जोडीदार. दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले, एकाच शिफ्टला, एकाच गावचे. जोडीदार ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. त्या वस्तीला गाव ज्या नावानं हाक मारायचं ते मी लिहिणार नाही. वाचणाऱ्याला ते कळतं. कायद्यानं शिवाशिव कधीच संपली होती. कंपनीतही संपली होती. कँटीनला दोघं एका बाकावर बसून एकमेकांच्या डब्यात हात घालायचे. त्याच्या घरचं सुकट माझ्या नवऱ्याला फार आवडायचं, आणि हे सासूबाईंना माहीत नव्हतं.

साहेबांना रविवारी करमायचं नाही. नदी कुठं आहे, एवढंच विचारायचे. मग हे दोघं त्यांना पवनेवर आणायचे. घाटावर बसून साहेब पाण्यात पाय सोडायचे, आणि वर येताना वाटेतच आमचं घर लागायचं. चहाला नको कसं म्हणणार?

साहेब पहिल्यांदा येणार कळलं तेव्हा सासूबाई धर्मसंकटात पडल्या. "त्यो गाय खातो म्हनं," त्या मला म्हणाल्या. "आन आपल्या कपात प्याला तर?" मग त्यांनीच तोड काढली. पिंपरीच्या बाजारातून सोनेरी काठाची, गुलाबाच्या फुलाची नवी कपबशी आणवली. ओसरीला लागून गोठा होता, आणि गोठ्याच्या भिंतीत बाहेरच्या बाजूनं एक कोनाडा. त्यात निळ्या रेघेचा एक कप आधीपासून होता. तो जोडीदाराचा. तो आला की स्वतः कोनाड्यातून कप काढायचा, पायरीवर बसायचा, मी वरून चहा ओतायची, आणि पिऊन झालं की तोच विसळून जागेवर ठेवायचा. साहेबांची गुलाबाची कपबशी त्या निळ्या रेघेच्या शेजारी जाऊन बसली. मी नवी सून होते वगैरे सांगून सुटता येईल, पण दहावी शिकलेली होते आणि किटली माझ्याच हातात होती.

तिघांचं मिळून एक मोडकं इंग्रजी तयार झालं होतं. साहेब सांगायचे, आणि माझा नवरा सासूबाईंना मराठीत सांगायचा. साहेबांचं सगळं बोलणं गावाचंच. नदीला पूर येणार हे सगळ्यांत आधी होडीवाल्याला कळायचं. मग चर्चची घंटा. मग तळघरातले बटाटे वर, दारूची पिंपं वर, आणि पाणी फारच चढलं तर गायसुद्धा जिन्यानं माडीवर.

"गाय माडीवर!" सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "आन उतरवायची कशी वो?"

"तीच तर पंचाईत," साहेब म्हणाले. "चढते बिचारी, उतरत नाही. चौघं ढकलायला आणि एक जण पुढं गवत घेऊन."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून साहेब त्यांचे लाडके झाले. "गाय खातो पन जपतो बी," असा त्यांनी निकाल दिला. कप मात्र कोनाड्यातच.

पुराच्या रेघांचंही साहेब सांगायचे. गावातल्या खानावळीच्या दाराला दगडी चौकट होती, आणि प्रत्येक मोठ्या पुराची रेघ तिच्यावर कोरून शेजारी साल घातलेलं. सगळ्यांत वरची रेघ साहेबांच्या डोक्याच्याही वर. पूर ओसरला की सगळा गाव एकेक घर धरून चिखल काढायचा, ज्याच्याशी भांडण त्याच्या घरचासुद्धा. ऐकताना मला वाटायचं, काय गुणी माणसं आहेत! आमच्याकडं पूर आला की बायका नदीची ओटी भरायच्या आणि ज्यानं त्यानं आपापला चिखल काढायचा.

जोडीदार कप विसळतो हे साहेबांनी पाहिलं होतं. पाहुण्यानं कप विसळायचा अशी इथली रीत असणार, असं समजून तेही उठून आपला कप विसळायला लागले. सासूबाई कासावीस झाल्या. साहेबानं आपल्या दारात खरकटं विसळावं? पण थांबवायचं म्हणजे कुणीतरी तो कप हातात घ्यायला हवा. तेव्हा त्या नुसत्या "राहू द्या, राहू द्या" म्हणत बसल्या आणि साहेबांनी तो चकचकीत करून निळ्या रेघेशेजारी ठेवला. मला त्या वेळी हसू आलं होतं, हेही सांगितलं पाहिजे.

असे बरेच रविवार गेले. एका रविवारी साहेब कप ठेवून कोनाड्यासमोरच उभे राहिले. परत आले ते डोळे पुसत.

"आईला सांग," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, आणि नवरा एकेक वाक्य मराठीत सांगू लागला.

त्या खानावळीत संध्याकाळी गावातले सगळे पुरुष जमतात. ("म्हंजी गुत्ताच की," सासूबाई पुटपुटल्या.) तिथं भिंतीवर ओळीनं लाकडी खुंट्या आहेत आणि प्रत्येक खुंटीला एकेकाचा मातीचा मग. परगावच्या माणसाला साधा ग्लास मिळतो. ज्याचा मग खुंटीला लागला तो गावचा झाला. माणूस मेला की त्याचा मग काढून बायकोच्या हातात देतात. साहेबांच्या आजोबांचा मग तिथं होता, आता साहेबांचाही आहे. आणि इथं इतक्या लांब, भाषा येत नाही, देव ठाऊक नाही, तरी तुम्ही माझा कप वेगळा काढून ह्याच्या कपाशेजारी ठेवलात. मला गावचा केलंत.

सासूबाई जमिनीकडं बघत होत्या. पायरीवर जोडीदार हातातला कप फिरवत बसला होता. त्याला तर भाषांतराचीही गरज नव्हती.

साहेब थांबले नाहीत. त्या भिंतीवर एक खुंटी रिकामी आहे, ते म्हणाले. नदीच्या बाजूला एका कापडवाल्याचं घर होतं. माणसं ज्यू. गावातल्या प्रत्येक नवरीचं कापड त्याच्याच दुकानातलं. त्याचाही मग खुंटीला होता. साहेब लहान असताना एका संध्याकाळी तो मग काढला गेला. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी का म्हणून विचारलं नाही. तो काढणारा माणूस खानावळ चालवायचा, आणि तो साहेबांचा बाप होता. पुढं त्या घरातल्या माणसांना घेऊन गेले. परत कुणी आलं नाही.

"पुराच्या रेघा आम्ही दगडात कोरल्या," साहेब म्हणाले. "ह्याची रेघ कुठंच नाही. त्या खुंटीला कुणी मग लावत नाही आणि ती कुणी उपटतही नाही. मी सगळ्यांना पुराच्या गोष्टी सांगतो, ही सांगत नाही. तुमचा हा कोनाडा बघितला आणि मला माझ्या गावाची लाज वाटली."

मला आजही त्या क्षणी धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं. एका माणसानं आपल्या बापाचं पाप आमच्या ओसरीवर उघडं करून ठेवलं होतं, आणि तेही आम्हाला पुण्यवान समजून. एका शब्दाचं काम होतं. माझा नवरा तो शब्द बोलेल म्हणून मी त्याच्याकडं बघत राहिले. तो मी बोलेन म्हणून वाट बघत होता की काय, ते मी कधी विचारलं नाही.

मग साहेबांनीच विचारलं, अगदी साध्या कुतूहलानं. "पण दोनच कप का? तुमचे स्वतःचे कुठं असतात?"

शेणानं सारवलेल्या जमिनीत माझा नवरा पायाचा अंगठा घासत राहिला. सासूबाईंनी "काय म्हन्त्यात?" म्हणून विचारलं, तरी तो घासतच राहिला. जोडीदार हे सगळं बघत होता. त्यानं ठरवलं असतं तर त्या दिवशी आमची सालं काढली असती, आणि त्याचा तो हक्क होता.

"दे हाउस," तो साहेबांना म्हणाला. "वी गेस्ट." म्हणजे हे घरचे, आपण दोघं पाहुणे.

एवढं इंग्रजी मलाही कळत होतं. साहेबांनी मान डोलावली. त्यांचं समाधान झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची मूठ त्यानं झाकली, ज्याच्यावर ती उगारलेली होती त्यानंच.

त्यानं आपला कप विसळला, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसला आणि कोनाड्यात न ठेवता पिशवीत घातला. "वहिनी, ह्यो आज नेतो," म्हणाला.

"का रं?" सासूबाईंनी विचारलं.

"घरी कप कमी हायेत, मावशी."

पुढच्या रविवारी साहेब आणि माझा नवरा दोघंच आले. जोडीदाराला ओव्हरटाइम आहे, असं नवऱ्यानं साहेबांना सांगितलं. नंतरच्या प्रत्येक रविवारी त्याला ओव्हरटाइमच होता. कंपनीत मात्र डबे पहिल्यासारखेच उघडत होते, आणि सुकटाचा वास माझ्या नवऱ्याच्या हाताला पहिल्यासारखाच यायचा.

मशीनं चालू झाली आणि साहेब आपल्या गावी गेले. जाताना सासूबाईंच्या पाया पडले. ते गेल्यावर सासूबाईंनी ती गुलाबाची कपबशी राखेनं घासली आणि माजघरातल्या काचेच्या कपाटात ठेवली. आल्यागेल्याला दाखवायच्या, "जर्मनीच्या सायबाची हाय." गाय खाणाऱ्याचा कप असा आमच्या घरात आला. आमच्याच नदीचं पाणी पिऊन वाढलेल्याचा कधी आला नाही. पुढं गोठा पाडून आम्ही भाड्याच्या खोल्या काढल्या, त्यात कोनाडाही गेला. मला बरंच वाटलं.

ऐंशी साल उलटल्यावर जोडीदारानं संत तुकाराम नगरात घर घेतलं आणि वास्तूला आम्हा दोघांना बोलावलं. सासूबाई तोवर वारल्या होत्या. दोष द्यायला आता त्याही नव्हत्या. मी जरीची साडी नेसले, मनात म्हटलं, आज त्याच्या घरी पोटभर जेवायचं, हातानं मागून घ्यायचं.

स्वयंपाकघरात त्याची बायको पुऱ्या तळत होती. ओट्यावरच्या भिंतीला एक फळी ठोकलेली, आणि तिला ओळीनं लाकडी खुंट्या, कंपनीतल्या माणसाच्या हातच्या, एका मापाच्या. प्रत्येक खुंटीला एक कप. कुठला फुलांचा, कुठला साधा पांढरा. मला तिथंच कळलं की साहेबांचं गाव त्याच्याही लक्षात राहिलंय.

"वहिनी, माझं हात भरल्यात," ती म्हणाली. "च्या झालाय. कप घ्या की तुमच्या हातानं."

"पाहुण्यांचे कुठले?" मी विचारलं.

ती खळखळून हसली. "पाव्हण्यांचे येगळे कशाला? हाताला लागंल त्यो घ्यायचा."

हाताला लागेल असा, अगदी पहिल्या खुंटीवर, निळ्या रेघेचा कप होता. मी तो लगेच ओळखला. आणि माझा हात त्याच्यावरून पुढं गेला आणि दुसऱ्या खुंटीवरचा कप काढून घेऊन आला. मी काही ठरवलं नव्हतं. शपथेवर सांगते, मनात काहीसुद्धा नव्हतं, हातात होतं.

वळले तर जोडीदार दारात उभा. त्यानं पाहिलं होतं. पुढं येऊन त्यानं निळ्या रेघेचा कप काढला, किटली उचलली, आधी माझा कप भरला, मग स्वतःचा.

"घ्या वहिनी," म्हणाला, "च्या निवंल."