सातच्या आत परत येणारी गाडी

मुलुंड पोलीस ठाण्यात नेमणुकीवर असतानाची ती रविवारची सकाळ मी अजून विसरलेलो नाही. आठ वाजता ठाणे अंमलदाराने मला बोलावलं. समोर पन्नाशीच्या एक प्राध्यापिका उभ्या होत्या. सोसायटीच्या आवारातून त्यांची गाडी गेली होती.

दोन माणसांची, हलकी, लाल स्पोर्ट्स कार. बाई रोज तीच घेऊन पार्ल्याला कॉलेजात जात, भाजीलाही तीच. खड्ड्यात कंबर मोडते, पिशव्या मांडीवर घ्याव्या लागतात, हे सांगतानाही त्यांचा आवाज मऊ होत होता.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी वॉचमनला सोबतच आणलं होतं. पाण्याचा टँकर आला की गाडी हलवायला दुसरी किल्ली त्याच्याकडे असे. ती आता नव्हती. हरवली, एवढंच तो म्हणाला.

अर्धा तास मी त्याला फैलावर घेतलं. गुन्हा नोंदवण्याची, आत टाकण्याची भीती घातली. तो गप्प. तेवढ्यात हवालदाराने खबर आणली. भांडुपच्या एका रिक्षावाल्याने उजाडताना आरेच्या दिशेने जाणारी बुटकी लाल गाडी पाहिली होती. चालवणारा म्हातारा होता.

तेव्हा कुठे मी वॉचमनकडे नीट पाहिलं. चोराची नजर आमच्या हातावर असते. याची सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती. मी आवाज उतरवून विचारलं, "कोणाची वाट बघतोयस?"

"आजोबांची. दर रविवारी गाडी फिरवून सातच्या आत येतात, साहेब. आज नाय आले."

बाई खुर्चीत बसल्या. आजोबा म्हणजे त्यांचे वडील. भांडुपला मुलाकडे राहत. सारी हयात बस चालवलेली, पण नजर अधू झाली म्हणून परवान्याचं नूतनीकरण नाकारलं होतं. बाई रविवारी उशिरा उठत. त्या दिवशी मात्र परीक्षेच्या कामाला लवकर निघाल्या होत्या.

त्यांना घेऊन आम्ही आरेत गेलो. झाडांच्या बोगद्यासारख्या रस्त्याकडेला गाडी उभी होती. धुकं विरत होतं, लाल टपावर उन्हाचे ठिपके हलत होते. आजोबा आत शांत बसले होते. पाय मोकळे करायला थांबले, तर गुडघे आखडले. क्लच दाबवेना आणि इतक्या खालच्या सीटवरून उठवेना.

बाई दारापाशी उकिडव्या बसल्या. "मला सांगायचं ना, बाबा."

"तू दिली नसतीस." मग ते रस्त्याकडे पाहत म्हणाले, "जन्मभर उंचावर बसून चालवली गं. रस्ता एवढा जवळून कधी बघितलाच नव्हता."

मी आणि हवालदाराने धरून त्यांना पलीकडच्या सीटवर बसवलं. बाईंनी गाडी सुरू केली. त्या हळूहळू चालवत होत्या, मागे आमची जीप. आजोबांनी काच खाली करून हात बाहेर सोडला होता, आणि पानांच्या सावल्या त्या हातावरून वाहत होत्या. मला घाई करावीशी वाटली नाही.

ठाण्यात बाईंनी तक्रार मागे घेतली, तशी नोंद झाली. आजोबांना मी कडक समज दिली. त्या नजरेने कोणाचा जीव गेला असता. किल्ली देणं ही वॉचमनची चूकच होती. पण तो चोर नव्हता, आणि मी त्याला अर्धा तास चोर म्हणून वागवलं होतं. गप्प बसणारा माणूस स्वतःलाच वाचवत असतो, असं मी तोवर धरून चालत आलो होतो.

त्याला मागच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. मी त्याच्यासमोर जाऊन म्हणालो, "चूक झाली माझी." नोकरीत संशयिताला असं पहिल्यांदाच म्हणत होतो.

त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने विचारलं, "आजोबा बरे आहेत ना, साहेब?"