बॅक द्यायचा की हाफ

आमच्या तालमीचा गोलकीपर वारणानगरला साखर कारखान्यात नोकरीला लागला आणि मोसम तोंडावर आला असताना आमचा गोल उघडा पडला. त्याच्या नोकरीचे पेढे सगळ्यांनी आनंदानं खाल्ले. मग जो तो एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागला.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. खाली लाल माती, वर माडी, दारात कट्टा आणि त्याच तालमीच्या नावानं फुटबॉलचा संघ. प्रत्येक पेठेचा संघ वेगळा आणि त्यातला खेळाडू त्याच पेठेच्या गल्लीबोळांत वाढलेला. आपला माणूस दुसऱ्या पेठेकडून खेळतो ही गोष्ट तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, फार क्वचित घडायची. घडली तर त्या खेळाडूच्या आईलासुद्धा नळावर चार शब्द ऐकून घ्यावे लागायचे.

मी पेठेतला नव्हतो. मी कागलचा. मॅट्रिकपर्यंत तिथंच शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं आणि चढायची म्हटलं तर कोल्हापुरात राहायला जागाही नव्हती. मी शाळेत फुटबॉल बरा खेळत होतो, एवढ्या ओळखीवर तालमीच्या वस्तादांनी मला माडीवरची खोली दिली. भाडं म्हणून काही नाही. सकाळी आखाड्याची माती खणायची, पाणी मारायचं, संध्याकाळी संघातून खेळायचं आणि उरलेल्या वेळात अभ्यास करायचा. मी आज जो काही आहे तो त्या खोलीमुळे आहे, हे मी कधी विसरलो नाही. विसरता येत नाही, हे जास्त खरं.

संध्याकाळची भाकरी माझ्या जोडीदाराच्या घरी असायची. जोडीदार म्हणजे आमच्या संघाचा डावा बॅक. तालमीमागच्या गल्लीत त्याचं घर. दिवसभर उद्यमनगरात लेथवर काम करायचा, त्यामुळे बोटांच्या कडा कायम काळ्या. मी त्याच्या पुढचा, मधल्या फळीतला हाफ. मैदानात आमची एक खूण होती. मी मोकळा असलो की दोनदा टाळी वाजवायचो आणि तो मान वर न करता आवाजाच्या रोखानं चेंडू सोडायचा. चेंडू बरोबर माझ्या पायात यायचा. त्याच्या आईला मी मावशी म्हणायचो. ती आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवून वाढायची आणि मला आधी वाढायची, कारण मी ‘लांबचा’.

ओढ्यापलीकडच्या पेठेच्या संघात दोन चांगले गोलकीपर होते. त्यांचे वस्ताद आणि आमचे वस्ताद पोरवयात एकाच आखाड्यात कुस्ती शिकलेले, म्हणून तर बोलणं तरी निघू शकलं. तिकडून निरोप आला: गोलकीपर घेऊन जा. बदल्यात तुमचा डावा बॅक द्या, नाहीतर त्याच्या पुढचा हाफ. कुठला द्यायचा ते तुम्ही ठरवा.

मग ठरवणं सुरू झालं. संध्याकाळी कट्ट्यापाशी म्हशी येऊन उभ्या राहायच्या आणि गिऱ्हाइकाच्या देखत पेल्यात दूध पिळून द्यायच्या. म्हणजे म्हशींचे मालक पिळून द्यायचे. त्यांत जे वयानं मोठे होते त्यांना सगळे अण्णा म्हणत आणि पेठेच्या फुटबॉलमध्ये त्यांचा शब्द वस्तादांच्या खालोखाल होता. फेसाळ पेले हातात धरून माणसं आमच्या दोघांचं मोजमाप घ्यायला लागली. बॅक गेला तर डावी बाजू फुटली. हाफ गेला तर एवढं काही बिघडत नाही. बॅकची लाथ लांब जाते, हाफला दम कमी. कुणी म्हणालं, हाफ पुस्तकं वाचून वाचून मैदानातसुद्धा विचार करत बसतो. सगळे हसले, मीही हसलो. आम्ही दोघं तिथंच कट्ट्याच्या टोकाला बसलेलो असायचो. आमच्यासमोर आमच्याविषयी बोलण्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

अण्णांनी एके दिवशी मूळ गोष्टीला हात घातला. “हे बघा, बॅक आपल्या मातीतला. त्यो न्हाई जाणार. हाफ कागलचं पाव्हणं. त्याला ही पेठ काय आन् ती पेठ काय. त्यालाच द्या की.”

त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. ते खरंच होतं. खेळाच्या हिशोबानंही बरोबर होतं, मी दोघांतला कच्चा होतो. फक्त एक अडचण होती आणि ती माझी होती. दुसऱ्या पेठेकडून खेळणारा माणूस आमच्या तालमीच्या माडीवर झोपू शकत नव्हता. वस्तादांनी चालवून घेतलं असतं तरी पोरांनी चालवून घेतलं नसतं. तिकडच्या तालमीला माडी नव्हती. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष सुरू होतं. खोली गेली की मी कागलला आणि परीक्षा गेली, एवढं ते सरळ होतं.

हे वस्तादांना ठाऊक होतं, म्हणून ते गप्प होते. मलाही बोलता येत नव्हतं. ज्यांनी फुकट ठेवून घेतलं त्यांना मला आणखी ठेवून घ्या, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? मी रिकामे पेले गोळा करून विसळायला लागलो.

तेवढ्यात जोडीदार म्हणाला, “मी जातो की तिकडं.”

अण्णा त्याच्यावर उखडले. तुला काही अक्कल आहे का, बापाचं नाव घालवतोस काय, असं बरंच. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अण्णा, माझं घर कुठं हलतंय? मी तिकडनं खेळून रातच्याला घरातच येणार. ह्यो गेला तर ह्याचं अंथरूण हलंल.”

अण्णा म्हशीकडे वळले आणि पुढचा पेला पिळायला लागले. वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्यांचा चेहरा सुटल्यासारखा झाला. पेला विसळता विसळता माझाही चेहरा तसाच झाला असणार. ती सुटका मला अजून आठवते आणि तिचीच लाज वाटते. मी एकदाही म्हणालो नाही, की नको, मी जातो.

त्यानंतर गल्लीतलं त्याचं येणंजाणं बदललं. तिकडच्या संघाची जर्सी तो डब्याच्या पिशवीत तळाला घालून न्यायचा. कोपऱ्यावरची पोरं त्याला ‘पाव्हणं’ म्हणून हाक मारायची. जन्म त्या गल्लीत गेलेल्याला पाव्हणं, आणि कागलच्या मला नाव घेऊन. मावशीला नळावर व्हायचं ते झालं. तिनं मला सांगितलं नाही, शेजारणीकडून कळलं. ताटं मात्र तशीच दोन, आणि मला आधी.

मोसमात शेवटी व्हायचं तेच झालं. आमची आणि त्यांची गाठ पडली. मैदान गच्च भरलं होतं. एका बाजूला आमची पेठ, दुसऱ्या बाजूला त्यांची. उत्तरार्धापर्यंत गोल नाही. जोडीदार असा खेळत होता की आमच्या फॉरवर्डना त्यानं गोल बघू दिला नाही. आमची माणसं त्याला शिव्या घालत होती आणि त्या शिव्यांत कौतुक होतं.

मग ते घडलं. आमचा विंगर चेंडू घेऊन कोपऱ्याकडे पळाला. मी मधे मोकळा होतो. चेंडू मला दे म्हणून मी विंगरला दोनदा टाळी वाजवली. त्याच क्षणी जोडीदारानं विंगरच्या पायातून चेंडू काढून घेतला. त्याच्या कानावर टाळी पडली. मान खाली होती. त्यानं आवाजाच्या रोखानं चेंडू सोडला आणि तो बरोबर माझ्या पायात आला.

चेंडू कुणाच्या पायातून आला ते मी पाहिलं होतं. पाय थांबवता आला असता का, हा विचार मी पुढं पुष्कळ वेळा केला. मी मारला. गोल झाला. त्या एका गोलावर आम्ही सामना जिंकला.

तिकडच्या बाजूनं ‘सामना विकला, विकला’ असं सुरू झालं आणि पाठोपाठ दगड. जोडीदार गोलापाशी उभा राहून स्वतःच्या पायाकडे बघत होता.

इथवर असतं तरी एक वेळ निभावलं असतं. पण आमच्या पेठेनं जे केलं त्याला तोड नाही. मिरवणूक तालमीत जायची सोडून मागच्या गल्लीत शिरली. त्याला घरातून ओढून बाहेर काढलं, खांद्यावर घेतलं, अंगभर गुलाल माखला. आपला माणूस तो आपलाच, तिकडं जाऊनही पेठेला जागला, असं म्हणत अण्णांनी त्याला मिठी मारली. महिनोन्‌महिने ज्याला पाव्हणं म्हटलं त्याला आता कुणी खाली उतरवायला तयार नव्हतं. तो ओरडून सांगत होता, मी दिला न्हाई, मी टाळी ऐकली. ते ऐकून लोक आणखी हसत होते. पलीकडच्या पेठेत जी शंका होती, ती आमच्या गुलालानं पक्की झाली.

मिरवणूक पुढं गेल्यावर मी त्याच्या घरी गेलो. तो मोरीत बसला होता आणि मावशी तांब्यानं त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होती. पाणी लाल वाहत होतं. मी दारात उभा. मावशीनं वळून पाहिलं आणि विचारलं, “तुला वाढू व्हय? दमला असशील.” मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही वस्तादांकडे गेलो. टाळी मी विंगरला वाजवली होती, त्यानं सवयीनं चेंडू सोडला, त्यात बेइमानी नाही, हे नीट समजावून सांगितलं. आमच्या वस्तादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, झालं ते झालं, आता अभ्यासाला लाग. तिकडच्या वस्तादांनी मला चहा पाजला. “तू शिकलेला हाईस, तू म्हणतोस तर खरं असंल,” ते म्हणाले. “पण आमच्या पोरांनी तुमचा गुलाल बघितलाय. त्यास्नी काय सांगू?”

मी कप विसळून ठेवला आणि निघालो.

पुढच्या मोसमात त्यांनी त्याला परत पाठवलं. आमच्याकडे तर त्याच्यासाठी पायघड्या होत्या. पण तो खेळला नाही. कुणाकडूनच नाही. आखाड्यात व्यायामाला यायचा, मैदानाकडे फिरकायचा नाही. मी त्याला एकदा विचारलं तर म्हणाला, लेथवर जादा काम असतं. मी त्या माडीवर बसून परीक्षा दिली आणि पास झालो. पेढे घेऊन आधी त्यांच्याच घरी गेलो. मावशीनं देवापुढं पेढा ठेवला आणि माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. जोडीदारानं पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, आता कुठं नोकरी बघणार? त्यानं कधी उणा शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे.

मी शिक्षक झालो, दुसऱ्या गावांत राहिलो. बऱ्याच वर्षांनी, मोसमाच्या दिवसांत कोल्हापुरात गेलो तेव्हा तो आपणहून म्हणाला, चल, सामना बघू. आम्ही पायऱ्यांवर बसलो. खाली नवी पोरं होती. त्यांतलं दोघांच्याही ओळखीचं कुणी नव्हतं. आमच्या पेठेनं सुरेख गोल केला. सगळी माणसं उभी राहिली. माझे हात गुडघ्यांवर होते. ते तसेच राहतात, मैदानात टाळी वाजवायला अजूनही माझे हात उचलत नाहीत.

त्यानं ते पाहिलं. बहुतेक आधीपासून बघत असावा. कोपरानं मला ढोसलं आणि म्हणाला, “वाजीव की लेका. आता कोण पास देतोय तुला?”

मी वाजवली. तोवर सगळे खाली बसले होते.