राममूर्ती रावांचा अग्निदेव

आमचे भावजी राममूर्ती राव यांना कुणी आचारी म्हटलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. तिरुवल्लिकेणीच्या आमच्या तंजावरी मराठी लोकांत लग्न निघालं की जेवणाचं काम त्यांच्याकडे जातं, आणि ते काम हे घेत नाहीत, 'पत्करतात'. चिरणारे वेगळे, तळणारे वेगळे, भातावर उभे राहणारे वेगळे. मग हे करतात काय? तर शेगडीची पूजा.

लग्नाच्या दिवशी सकाळी कल्याण मंडपाच्या, म्हणजे मंगल कार्यालयाच्या, स्वयंपाकघरात पहिली शेगडी पेटते, तेव्हा घरची सगळी माणसं जमतात. शेगडीला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, कापराच्या ज्योतीने ती पेटवायची आणि वर दूध ठेवायचं. ज्योत टेकताच पेटली तर संसार सुखाचा, दुसऱ्यांदा टेकवावी लागली तर अपशकुन. ही समजूत लाकडाच्या चुलीच्या काळातली, पण आमच्या लोकांनी ती गॅसवर जशीच्या तशी नेऊन बसवली आहे. भावजींची शेगडी म्हणे कधीच दुसऱ्या ज्योतीची वाट पाहत नाही. "अग्निदेव माझं ऐकतो," असं ते उपरणं सारखं करत सांगतात.

डोंबल ऐकतो! ऐकते ती त्यांची बायको, माझी अक्का. विशालाक्षी तिचं नाव, मी तिची धाकटी बहीण वसंता. भावजींचे श्लोक चाललेले असतात तेव्हा ती शेगडीपाशी उकिडवी बसलेली असते, आणि सगळ्यांचे हात जोडलेले पाहून गुपचूप शेगडीचा कॉक उघडते. श्लोक संपले की भावजी कापूर ओवाळतात, ताट तिच्या हातात देतात आणि चांगले चार हात मागे सरून डोळे मिटतात. मग ती ज्योत लावते. तोवर साठलेला गॅस एकदम भडकतो, भप्पकन ज्वाळ वर येते, आणि बघणारे भावजींच्या पाया पडतात.

आधी ज्योत धरायची, मग कॉक हळूच उघडायचा, हे साध्या घरातल्या बाईलाही कळतं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर उडून जात नाही, शेगडीखाली जमिनीलगत दबा धरून बसतो. पण भावजींना हे पटत नाही. तसं केलं आणि गॅस यायला जरा वेळ लागला, तेवढ्यात कापूर विझला, तर अब्रू गेली ना त्यांची! अब्रू त्यांची राहते आणि भुवया अक्काच्या जातात. आता ती पेन्सिलीने भुवया काढते, आणि पुढचे केस करपले आहेत ते दिसू नयेत म्हणून गजरा पार कपाळावर ओढून माळते. गेल्या वैशाखात तर मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला, बांगड्या कापून काढाव्या लागल्या. भावजींनी सगळीकडे सांगितलं, तेल उडालं. मी भांडायला गेले तर अक्काच मला म्हणाली की असू दे गं, त्यांचा मान आहे. असा संताप आला मला तिचा! पण तिच्या हाताला मलम लावता लावता संताप जिरला आणि नुसती भीती उरली.

त्यात हल्ली लोक फोन धरून उभे राहतात. फोन दिसला की भावजींना आणखी श्लोक आठवतात. श्लोक वाढले की गॅसही वाढतो, पण ते त्यांच्या गावीही नसतं, असं मला वाटायचं.

परवा माझ्या मैत्रिणीच्या, संयुक्ताच्या मुलीचं लग्न शहराच्या दुसऱ्या टोकाला, शोळिंगनल्लूरला होतं. मुलगी तिकडेच सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून मंडपही तिकडचाच नवाकोरा घेतलेला. स्वयंपाकघर चकचकीत, पण एसीचं. खिडक्यांना काचा, दारं घट्ट बंद. तीन मोठ्या शेगड्या एका पाइपवर, सिलिंडर बाहेर, आणि पाइपाचा मुख्य कॉक आत दाराजवळ भिंतीवर. या कोंडलेल्या खोलीत गॅस साठला तर भुवयांवर भागणार नव्हतं, अक्का पेटली असती.

मी भावजींना सरळ सांगितलं की दारं उघडा आणि आज आधी ज्योत, मग गॅस. ते म्हणाले, वाऱ्याने कापूर विझेल. मग आजूबाजूच्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, बँकेत नोटा मोजणाऱ्या बायकांनी शास्त्रात पडू नये. अक्का रेशमी साडी सावरून शेगडीपाशी बसलीसुद्धा.

श्लोक सुरू झाले. सगळ्यांची नजर समोर होती. मी दाराशी सरकले आणि मुख्य कॉक बंद करून टाकला.

श्लोक संपता संपेनात. अखेर भावजींनी ताट दिलं, मागे सरले, डोळे मिटले. अक्काने ज्योत लावली. काही झालं नाही. तिने पुन्हा लावली. कापूर फरफरून विझून गेला. संयुक्ताचा चेहरा पांढराफटक पडला, तिची सासू तोंडावर पदर घेऊन पुटपुटू लागली. भावजींनी डोळे उघडले आणि सगळ्या फोनांसमोर अक्कावर खेकसले, "कॉक उघडला नाहीस का तू? दर वेळी आधी उघडतेस ना?"

अग्निदेवाचं बिंग असं फुटलं, आणि फोडलं कुणी, तर त्यांनी स्वतःच.

मी म्हटलं, मुख्य कॉक मी बंद केलाय. मग काय विचारता! मी करंटी, मी नास्तिक, मी परक्याच्या मंगल कार्यात विष कालवणारी. संयुक्ताही माझ्याकडे रागाने बघत होती. अक्का मात्र उठली. शेगडीचा कॉक तिने बंद केला. दारं उघडायला लावली, आणि आत आलेला गरम वारा थोडा वेळ खोलीभर फिरू दिला. मग ताटात नवा कापूर ठेवून ते भावजींपुढे धरलं. इतकी वर्षं तिने संसार केला, पण त्यांच्याशी इतक्या शांतपणे बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं.

"या, आज तुम्ही बसा खाली. आधी गॅस मी उघडते, नेहमीसारखा. तुमचे सगळे श्लोक होऊ द्यात, मग ज्योत तुम्ही लावा."

भावजींनी ताट घेतलं नाही. ते म्हणाले, गुडघा दुखतो. मग म्हणाले, सोवळं मोडेल. बोलता बोलता मागे मागे सरकत ते उघड्या दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

अक्काने मला खूण केली, मी मुख्य कॉक उघडला. तिने लांब काडी पेटवून शेगडीच्या कडेला धरली, स्वतः बाजूला झाली आणि शेगडीचा कॉक थोडासा फिरवला. निळी, ठेंगणी ज्योत गोल फिरून आली. आवाजसुद्धा झाला नाही. संयुक्ताने दूध ठेवलं.

भावजी बाहेरच उभे होते. इतकी वर्षं मी त्यांना मूर्ख समजत होते. मूर्ख असते तर खाली बसले असते.