परत येणाऱ्यांची स्क्रीन

कस्तुरी नागपूरहून बेंगळुरूला आली ती आमच्या कंपनीत डिझायनर म्हणून. बेळ्ळंदूरला आमचं ऑफिस आहे आणि आम्ही ‘निवांत’ नावाचं ॲप बनवतो. रोज थोडा वेळ शांत बसायला, श्वासाचे व्यायाम करायला, झोप सुधारायला लोक ते वापरतात. ॲप उघडल्यावर माणसाला काय दिसावं, काय वाचून तो थांबेल आणि कशाने वैतागेल, याचा विचार करणं कस्तुरीचं काम. तिने आखलेलं प्रोग्राममध्ये उतरवणं माझं.

ती आली तेव्हा ॲपची अवस्था काही बरी नव्हती. लोक हौसेने डाउनलोड करायचे आणि आठवड्याभरात काढून टाकायचे. आमचे प्रॉडक्ट हेड जितेंद्र एकदा मीटिंगमध्ये स्पष्टच म्हणाले, “या तिमाहीत लोक टिकले नाहीत, तर डिझाइनचं काम बाहेरच्या एजन्सीला जाईल.” त्यांचा उपायही तयार होता. नोटिफिकेशन वाढवायची. रोजच्या हजेरीची साखळी तुटल्याचा लाल मेसेज आणखी मोठा करायचा.

“त्याआधी सोडून गेलेल्यांशी बोलू द्या ना मला,” कस्तुरी म्हणाली.

“गेलेले लोक काय सांगणार?”

“का गेले, ते.”

ती फोन लावत बसली. बहुतेकांनी उचललाच नाही, काहींनी विमा विकणारी समजून ठेवून दिला. बनशंकरीच्या श्यामला अक्का मात्र बोलल्या. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातल्या, निवृत्त शिक्षिका. पलीकडून मराठी ऐकून त्यांनी घरीच बोलावलं. कस्तुरीने मलाही सोबत नेलं.

“स्वल्प बसा, कॉफी आणते,” म्हणत त्या आत गेल्या, आणि कॉफी पिता पिता सांगायला लागल्या.

“मला आवडत होतं गं ते. झोप लागायला लागली होती. मग आमच्या यजमानांना आस्पत्रेत ठेवलं. तिथे कुठलं शांत बसणं? ते घरी आले, तेव्हा मी पुन्हा उघडलं. तर लाल लाल अक्षरात, ‘तुमची साखळी तुटली.’ खाली शून्य. मी म्हटलं, सरी, बरोबर आहे, माझंच चुकलं. आणि काढून टाकलं.”

परतताना आमची रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली. कस्तुरी एकदम म्हणाली, “श्वेता, त्यांना आपली सगळ्यात जास्त गरज होती, तेव्हाच आपण त्यांना नापास केलं.”

पुढे जे कोणी बोलले, त्यांचीही गोष्ट थोड्याफार फरकाने हीच निघाली. कोणाच्या घरी पाहुणे आले होते, कोणाला ताप होता. खंड पडला, लाल अक्षरं दिसली, ॲप गेलं.

मग कस्तुरीने नवी स्क्रीन काढली. लाल रंग नाही, शून्य नाही. आजवर जितके दिवस बसलात तो आकडा कधीच कमी होणार नाही. मधे खंड पडला, तर परत आल्यावर एवढंच दिसेल: ‘आलात, बरं वाटलं. आज दोनच मिनिटं बसू या.’ शिवाय एक बटण होतं, ‘आज जमणार नाही’. ते दाबलं की ॲप त्या दिवशी गप्प.

जितेंद्रना ते बटण मुळीच पटलं नाही. “आपणच लोकांना सुट्टी द्यायची?”

“सुट्टी ते घेतातच. आपण फक्त रागावायचं बंद करू.”

शेवटी ठरलं की निम्म्या नव्या लोकांना जितेंद्रांची स्क्रीन द्यायची आणि निम्म्यांना कस्तुरीची. पहिल्याच आठवड्यात जितेंद्रांची बाजू स्पष्ट पुढे गेली. नोटिफिकेशनच्या माऱ्याने लोक सारखे ॲप उघडत होते. ऑफिसमधल्या काहींनी कस्तुरीला धीर द्यायलाही सुरुवात केली. तिचं जेवण कमी झालं होतं, हे मला दिसत होतं, पण तिने एकच मागणी लावून धरली, “महिना पूर्ण होऊ द्या. खरी परीक्षा खंड पडल्यानंतरची आहे.”

महिना सरत आला तशी आलेखावरची जितेंद्रांची रेघ घसरायला लागली. कस्तुरीची मात्र टिकली, आणि मग चढायला लागली. खंड पडलेले लोक परत येत होते. नुसते येत नव्हते, घरातल्यांना, मैत्रिणींना घेऊन येत होते. जाहिरातीशिवाय एवढे नवे लोक आमच्याकडे कधीच आले नव्हते. श्यामला अक्कांनाही आम्ही नवी स्क्रीन पाठवली होती. त्यांनी तर देवळातल्या अख्ख्या भजनी मंडळाला ॲप घ्यायला लावलं आणि फोन करून विचारलं, “हे कन्नडात कधी येणार? निम्म्या जणींना मराठी वाचता येत नाही, अडल्यात.”

महिन्याच्या शेवटी सगळ्या ऑफिससमोर जितेंद्र स्वतः उभे राहिले. दोन्ही रेघा भिंतीवर दाखवून म्हणाले, “माझा अंदाज चुकला. आजपासून सगळ्यांना कस्तुरीची स्क्रीन. आणि डिझाइन कुठेही जात नाहीये. त्या टीमची हेड कस्तुरी असेल.”

टाळ्या थांबेचनात. कस्तुरी उठली. चेहऱ्यावरचं हसू लपत नव्हतं. “थँक्यू,” ती म्हणाली, “आता कन्नडचं काम आधी घेऊ या. लोक वाट बघताहेत.”

त्याच दुपारी आम्ही कामाला लागलो. आणि त्या दिवशी कस्तुरी पोटभर जेवली.