दाराबाहेरचे बूट

शेजारच्या काकू रिटायर्ड डॉक्टर. शाळेसमोर रस्ता ओलांडायला क्रॉसिंग हवं म्हणून इथे अमेरिकेत, आमच्या हर्नडन गावच्या टाउन कौन्सिलच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. व्हिसावर असल्यामुळे मला मत नाही. "मत नसलं तरी गाडी आहे ना? चल!" काकू म्हणाल्या.

प्रचारात प्रत्येक दारी त्या आधी बूट काढायच्या, मग बेल वाजवायच्या. लोक त्यांच्या मोज्यांकडेच बघत राहायचे.

"काकू, इथे आत कोण बोलावतंय?" मी वैतागायचो.

"आणि बोलावलं तर?"

काल निकाल लागला. काकू पडल्या. सकाळी सांत्वनाला गेलो, तर त्या माझ्या गाडीपाशी तयार! थेट निवडून आलेल्या बाईंकडे. बूट काढले, बेल वाजवली. "अभिनंदन," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आता क्रॉसिंगचं बोलू."

बाईंनी मोज्यांकडे पाहिलं. "आत या."

काकू आत गेल्यासुद्धा. मी दारात लेस सोडत बसलो.